पाखरावरची जकात

१९२६ सालच्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कच्या बंदरात 'पॅरिस' नावाची आगबोट लागली. तिच्यातून उतरविलेल्या खोक्यांपैकी एकात ब्राँझ धातूची एक वस्तू होती. सुमारे साडेचार फूट उंच, निमुळती, मध्ये किंचित फुगीर, माथ्याशी तिरकस छेद दिलेली आणि आरशासारखी लखलखीत. कागदोपत्री तिचे नाव पाखराचे होते. जकात अधिकाऱ्यांनी ती चहूबाजूंनी न्याहाळली. पण त्यांना पाखरू काही सापडेना. चोच नाही, पंख नाहीत, पाय नाहीत, पिसे नाहीत. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे कलाकृतीवर जकात नव्हती. धातूच्या असल्या वस्तूवर मात्र किमतीच्या ४० टक्के जकात होती. अधिकाऱ्यांनी त्या वस्तूची नोंद स्वयंपाकघरातील भांडी व इस्पितळाचे साहित्य या सदराखाली केली आणि जकात आकारली.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा आम्हाला हसू आले. परंतु ते फार वेळ टिकले नाही. अशाच एका नाक्यावर एके काळी आम्ही स्वतः बसलो होतो, आणि आमच्या हातून परत गेलेली वस्तू एका बापाने आपल्या मृत मुलासाठी घडविलेली होती.

पंचवीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. गुरुदीक्षा होऊन आम्हाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. प्रमुख धर्मगुरू रजेवर असल्यामुळे धर्मग्रामाचा कारभार काही आठवडे आमच्याकडे होता. गावातील एका सुताराचा एकोणीस वर्षांचा मुलगा आदल्या पावसाळ्यात तापाने गेला होता. पहिल्या स्मृतिदिनाच्या मिस्साआधी तो गृहस्थ खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आला. गोणपाट सोडल्यावर आत सागवानाचा एक कमरेएवढा ठोकळा निघाला. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, एका अंगाला थोडा कललेला. रंधा मारून, घासून तो इतका गुळगुळीत केला होता की हात फिरवावासा वाटावा. पण त्यावर क्रूस नव्हता, नाव नव्हते, देवदूत नव्हता.

"फादर, हे त्याच्या थडग्यावर लावायचं आहे," तो म्हणाला.

"पण हे आहे काय?" आम्ही विचारले.

"त्याचंच आहे."

"कशासारखे आहे हे? लोकांनी विचारले तर आम्ही काय सांगायचे?"

तो काही बोलला नाही. आम्ही त्याला दफनभूमीचे नियम समजावून दिले, ख्रिस्ती माणसाच्या थडग्यावर क्रूस का असतो यावर लहानसे प्रवचनही दिले. त्याने गोणपाट पुन्हा गुंडाळले आणि तो गेला. पुढच्या आठवड्यात त्या थडग्यावर शेजारच्या चार थडग्यांवर होता तसाच बाजारातून आणलेला संगमरवरी क्रूस उभा राहिला. आपले काही चुकले असे तेव्हा आमच्या मनातही आले नाही.

न्यूयॉर्कला ज्याच्या पाखरावर जकात बसली त्या शिल्पकाराचे नाव कॉन्स्टंटिन ब्रांकुशी. १९ फेब्रुवारी १८७६ रोजी रुमानियातील होबित्सा या खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. बालपणी त्याने मेंढ्या राखल्या. त्या मुलखात घराचे खांब आणि अंगणाची दारे कोरण्याची जुनी परंपरा होती. लाकडाशी त्याची ओळख तिथेच झाली. लहान वयातच घर सोडून त्याने दुकानांत आणि खाणावळींत नोकऱ्या केल्या. पुढे क्रायोवा येथील हस्तव्यवसायाच्या शाळेत आणि नंतर बुखारेस्टच्या कलाशाळेत तो शिकला. १९०३ साली त्याने बुखारेस्ट सोडले आणि बराचसा मार्ग पायी तुडवीत १९०४ मध्ये पॅरिस गाठले. ऑर्थोडॉक्स चर्चच्या उपासनेत तो वाढला होता आणि तरुणपणी चर्चच्या गायनवृंदात गातही असे.

१९०७ मध्ये त्या काळचा सर्वांत थोर शिल्पकार रोदाँ याच्या शिल्पशाळेत त्याला काम मिळाले. कोणाही होतकरूला हेवा वाटावा अशी ती जागा होती. ब्रांकुशीने ती थोड्याच आठवड्यांत सोडली. मोठ्या झाडाच्या सावलीत काही वाढत नाही, अशा अर्थाचे त्याचे उद्गार सांगितले जातात. रोदाँ मातीत रूप घडवी आणि दगडात ते साहाय्यक उतरवीत. ब्रांकुशीने छिन्नी स्वतःच्या हाती घेऊन थेट दगडाला भिडण्याचा मार्ग पत्करला.

त्याच वर्षी रुमानियातील बुझाऊ शहरातून त्याला एक काम आले. एका विधवेला पतीच्या थडग्यासाठी त्याचा अर्धपुतळा आणि सोबत शोक करणाऱ्या स्त्रीची आकृती हवी होती. ब्रांकुशीने जी आकृती केली तिच्या अंगावर वस्त्रांच्या चुण्या नव्हत्या, गालावर अश्रू नव्हते. गुडघे टेकलेली, विवस्त्र, कृश, एक हात अपुरा असलेली ती स्त्री नुसती मान लववून आहे. तिचे नाव त्याने 'प्रार्थना' असे ठेवले. ती आकृती त्या दफनभूमीत उभारली गेली आणि मूळ शिल्प आज बुखारेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्या वेळी असले थडगे कोणी पाहिलेले नव्हते. तरीही ती स्वीकारली गेली. याचा विचार करताना आमच्या दारातून गोणपाट घेऊन परत गेलेला बाप आम्हाला आठवल्यावाचून राहात नाही.

यानंतर ब्रांकुशीचे काम अधिकाधिक कमी होत गेले. संख्येने नव्हे, तर तपशिलाने. १९१० च्या सुमारास त्याने रुमानियन लोककथांतील मायावी पाखराचे शिल्प केले. त्याला पोट होते, मान होती, उघडी चोच होती. पुढे वर्षानुवर्षे तो त्याच पाखराकडे परत येत राहिला आणि प्रत्येक वेळी काहीतरी काढून टाकीत गेला. आधी पाय गेले, मग पिसे गेली, चोचीचा एक तिरका छेद तेवढा उरला. १९२३ पासून जी शिल्पे घडली त्यांना त्याने 'अवकाशातील पाखरू' असे म्हटले. संगमरवरात सात आणि ब्राँझमध्ये नऊ अशी ती पाखरे आहेत. त्याला पाखरू दाखवायचे नव्हते, उड्डाण दाखवायचे होते. ब्राँझ साच्यातून बाहेर आले की इतरांचे काम संपते. ब्रांकुशीचे तिथे सुरू होई. धातूचे जडपण दिसेनासे होईपर्यंत तो ते हाताने घाशीत राही.

आपल्या शिल्पांना लोक 'अमूर्त' म्हणतात याचा त्याला राग येई. त्याचे म्हणणे असे की, वस्तूचे बाहेरचे कवच म्हणजे वास्तव नव्हे; तिचे सत्त्व हेच वास्तव. साधेपणा हे आपले ध्येय नाही, वस्तूच्या खऱ्या अर्थाजवळ जाता जाता माणूस आपसूक साधेपणाला पोहोचतो, असेही तो सांगे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही सत्त्व आणि बाह्य गुण यांतील भेद पाठ केला होता आणि परीक्षेत त्यावर बरे गुणही मिळविले होते. परंतु तोच भेद सागवानाच्या ठोकळ्यात आमच्या पुढ्यात उभा राहिला तेव्हा आम्ही त्याला ओळखले नाही.

न्यूयॉर्कचे प्रकरण न्यायालयात गेले. पाखरू विकत घेणारे छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन साक्षीला उभे राहिले. रानात हे दिसले असते तर पाखरू समजून तुम्ही बंदूक झाडली असती काय, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. शिल्पकार जेकब एपस्टाईन यांना विचारण्यात आले की, एखाद्या चांगल्या कारागिराला अशी वस्तू घासून बनवता आली नसती काय? त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की, कारागीर ती घासू शकेल, पण तिची कल्पना करू शकणार नाही. एपस्टाईन यांनी प्राचीन इजिप्तमधील ससाण्याचे एक दगडी शिल्पही न्यायालयात आणले होते. त्यातही पिसे कोरलेली नव्हती, आणि तरी तो ससाणा आहे याविषयी कोणाला शंका नव्हती.

सरकारी बाजूचा आधार १९१६ सालच्या एका निवाड्यावर होता. शिल्प म्हणजे निसर्गातील वस्तूंची हुबेहूब प्रतिकृती, असे त्यात म्हटले होते. २६ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यायालयाने ब्रांकुशीच्या बाजूने निकाल दिला. न्यायाधीशांनी मान्य केले की या वस्तूत पाखरू ओळखणे अवघड आहे. मात्र कलेचा एक नवा संप्रदाय उदयास आला आहे, तो निसर्गाची नक्कल न करता अमूर्त कल्पना साकारू पाहतो, आणि आपणास तो आवडो वा न आवडो, त्याचे अस्तित्व न्यायालयाने नाकारता कामा नये, असा त्यांच्या निकालाचा सूर होता. आम्हाला या निकालातील नम्रता फार मोलाची वाटते. ते पाखरू आपल्याला कळले, असा आव न्यायाधीशांनी आणला नाही. आपल्या न कळण्याला त्यांनी कायदा मात्र होऊ दिले नाही.

आता एक रास्त आक्षेप. वाचकांपैकी कोणी म्हणेल, "फादर, हे कलावंतांच्या जगात ठीक आहे, पण आपला धर्म देहधारणेचा आहे. अदृश्य देवाला प्रभू येशूच्या रूपाने चेहरा मिळाला, म्हणून तर आपण मूर्ती आणि चित्रे मानतो. चेहराच पुसून टाकला तर उरले काय?" हा आक्षेप क्षुल्लक नाही. ७८७ साली निसिया येथे भरलेल्या दुसऱ्या धर्मसभेने प्रतिमांचा मान राखला तो याच आधारावर, आणि तो मान प्रतिमेला नसून ती ज्याची आहे त्याला पोहोचतो, असे शिकविले.

परंतु ज्याला चेहरा होता त्याला तरी आपण कुठे ओळखले? नाझरेथच्या लोकांनी त्याच्याकडे पाहिले आणि त्यांना दिसला तो ओळखीचा सुताराचा मुलगा. पुनरुत्थानाच्या सकाळी मारिया माग्दालेनेला तो माळी वाटला. एमाऊसच्या वाटेवर दोन शिष्य त्याच्याबरोबर कोसच्या कोस चालले. चेहरा समोर असूनही त्यांनी त्याला ओळखले नाही, ओळखले ते भाकर मोडताना. आणि आजही प्रत्येक रविवारी आपण ज्याच्यापुढे गुडघे टेकतो ते ख्रिस्तशरीर कशासारखे दिसते? पातळ, पांढरी, वाटोळी भाकर. ना चेहरा, ना हात, ना जखमा. आपल्या मंदिरातील सर्वांत पवित्र वस्तू कशाचीच हुबेहूब प्रतिकृती नाही. आपल्या आजीला हे एका अक्षराचे शिक्षण नसताना कळत होते. वेदीवर ख्रिस्तशरीर उंचावले जाई तेव्हा ती कशासारखे दिसते हे पाहात नसे, मान लववीत असे. संत थॉमस अक्वायनस यांनी तर देवाविषयीच्या विवेचनाच्या प्रारंभीच सांगून ठेवले आहे की, देव काय आहे हे आपल्याला कळू शकत नाही, तो काय नाही हे कळते. एकेक गोष्ट वगळत सत्याजवळ जाण्याची ही वाट कलावंतांच्याही आधी धर्मशास्त्राला ठाऊक होती.

तरीही चर्चच्या घरात हा नाका उभा राहिलेला आहे. फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याच्या डोंगराळ भागात, असी येथे, क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठी बांधलेले एक मंदिर १९५० साली पवित्र करण्यात आले. वेदीसाठी जर्मेन रिशिए या शिल्पकर्तीने क्रुसावरचा ख्रिस्त केला होता. त्याचा चेहरा ओळखता येत नाही. खरबरीत, झिजलेले शरीर क्रुसाच्या लाकडाशी एकजीव झालेले आहे. काही भाविकांना तो अपमान वाटला आणि १९५१ मध्ये बिशपांच्या आज्ञेने तो वेदीवरून हलविण्यात आला. ज्यांची छाती क्षयाने पोखरली होती अशा रुग्णांना मात्र तो आपला वाटत होता. बऱ्याच वर्षांनी तो वेदीवर परतला. दरम्यान १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात म्हटले होते की, चर्चने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून ठरविलेली नाही.

याचा अर्थ कोणीही कसलाही धोंडा आणून वेदीवर ठेवावा असा नव्हे. न समजणारे सर्वच खोल असते, हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे. चर्चला पारखण्याचा अधिकार आहे आणि ते तिचे कर्तव्यही आहे. आमचे म्हणणे एवढेच की, पारखताना पहिला प्रश्न कोणता विचारायचा? 'हे कशासारखे आहे?' हा जकात नाक्यावरचा प्रश्न आहे. तो विचारणाऱ्याला नवे काही कळणारच नाही, कारण उत्तर त्याच्या यादीत आधीच लिहिलेले असते. 'हे काय सांगते आहे, आणि कोणत्या प्रेमाने घडले आहे?' हा दुसरा प्रश्न. त्याला वेळ द्यावा लागतो, ऐकावे लागते. एकच पाखरू वर्षानुवर्षे घासणाऱ्या माणसाच्या बाबतीत निदान एवढे समजायला हवे की, ही थट्टा नव्हे.

आयुष्याच्या उत्तरार्धात ब्रांकुशीला आपल्या जन्मभूमीसाठी स्मारक घडविण्याची संधी मिळाली. होबित्सापासून जवळच असलेल्या तिर्गु-झिऊ या गावी पहिल्या महायुद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ १९३७-३८ मध्ये त्याने तीन शिल्पे उभारली. एक दगडी वाटोळे मेज आणि त्याभोवती बारा रिकामी आसने. एक दगडी दार. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला सुमारे २९ मीटर उंचीचा ओतीव लोखंडाचा, एकावर एक रचलेल्या सारख्याच मण्यांचा 'अनंत स्तंभ'. दार आणि स्तंभ यांच्यामधल्या रस्त्यावर संत पेत्र व संत पौल यांचे चर्च आहे. या स्मारकात सैनिकाचा पुतळा नाही, बंदूक नाही, विजयाचा झेंडा नाही. ज्या घरांतील जेवणाच्या जागा रिकाम्या झाल्या त्यांना ती बारा आसने काय सांगत असतील, ते निराळे समजावण्याची गरज नाही.

तेच काम चालू असताना, १९३७ च्या अखेरीस, ब्रांकुशी हिंदुस्थानात येऊन गेला ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी त्याच्याकडून तीन पाखरे घेतली होती. एक ब्राँझचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. त्यांच्यासाठी इंदूर येथे एक ध्यानमंदिर बांधावे, आत पाणी असावे, शांतता असावी, असा संकल्प होता. कागल घराण्यातून आलेल्या महाराणी संयोगिताराजे त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या होत्या. ब्रांकुशी इंदूरला राहिला आणि जानेवारी १९३८ मध्ये परतला. मंदिर झालेच नाही. संगमरवरी पाखरे आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

जन्मभूमीनेही त्याला नाका दाखविलाच. १९५१ मध्ये त्याने आपल्या शिल्पशाळेतील कामे रुमानियाला देऊ केली, ती तेथील कम्युनिस्ट राजवटीने नाकारली. पुढच्या वर्षी तो फ्रान्सचा नागरिक झाला आणि सारे काही त्याने फ्रान्सला दिले. १६ मार्च १९५७ रोजी पॅरिसमध्ये तो वारला. तिर्गु-झिऊच्या त्याच स्मारकाचा युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला तो २०२४ च्या जुलैमध्ये, आणि ती बैठक भरली होती आपल्या नवी दिल्लीत.

ही बातमी वाचली त्याच वर्षाच्या अखेरीस आम्ही त्या जुन्या धर्मग्रामात एका विवाहासाठी गेलो होतो. मिस्सा आटोपल्यावर त्या सुताराचे घर विचारीत गेलो. तो आता बराच थकला आहे. ओटीवर पाऊल टाकताच समोर तो सागवानाचा ठोकळा दिसला. त्याच्या माथ्याजवळ दोन खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि त्यांवर नातवंडांची दप्तरे लटकत होती.

आमची नजर तिथे खिळलेली पाहून तो म्हणाला, "लाकूड आहे, फादर. पडून राहण्यापेक्षा कामाला आलं."

न्यूयॉर्कच्या अधिकाऱ्यांनी ज्या सदरात पाखरू टाकले होते त्याच सदरात आम्ही हे लाकूड ढकलले होते. आम्ही त्याच्याजवळ बसलो आणि पंचवीस वर्षांपूर्वी विचारायला हवे होते ते विचारले. "हे त्याचेच आहे असे तुम्ही म्हणाला होता. कसे, ते आम्हाला सांगाल?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग उठून उभा राहिला, दोन्ही हात वर नेले, टाचा उचलल्या आणि मान मागे टाकली. "तुळई चढवताना तो खालून अशी उचलून धरायचा. सगळं अंग ताणलेलं. मी वरून बघायचो. मला तो दुसरा कसा आठवतच नाही, फादर. त्याच तुळईचा उरलेला तुकडा आहे हा."

तेव्हा आम्हाला तो मुलगा दिसला. त्याचा चेहरा आम्हाला आज आठवत नाही, पण उचलणारा तो देह त्या लाकडात होता, कललेला, वर जाणारा. त्याच्या पायथ्याशी एक लहानसा क्रूस कोरा, एवढेच त्या वेळी आम्ही म्हणालो असतो तर नियमही राहिला असता आणि बापाचे मनही. आम्ही त्याची क्षमा मागितली. ते लाकूड आता थडग्यावर नेता येण्याजोगे नव्हते; आमच्या दफनभूमीत जागा थोडी, त्यामुळे काही वर्षांनी त्याच थडग्यात दुसऱ्या घरचे माणूस पुरले गेले होते. म्हणजे आमच्या चुकीला दुरुस्ती उरली नव्हती. त्याने दप्तरे काढून बाजूला ठेवली, आम्ही लाकडावर पवित्र पाणी शिंपडले आणि त्या मुलासाठी एक प्रार्थना म्हटली. निघताना दप्तरे पुन्हा खुंट्यांवर गेलेली दिसली. त्याविषयी काही बोलण्याचा अधिकार आमचा उरला नव्हता.

वाचकहो, आपण सारेच कुठल्या ना कुठल्या नाक्यावर बसलेले आहोत. धर्मगुरू वेदीपाशी, बाप घराच्या उंबऱ्यावर, शिक्षक वर्गात. आपल्या अपेक्षेसारखा न दिसणारा मुलगा, आपल्या पद्धतीने न रडणारी विधवा, आपल्या शब्दांत न बसणारी कोणाची तरी प्रार्थना, हे सारे आपल्यापुढे गोणपाटात गुंडाळून येत असते. सर्वच आपल्याला कळेल असे नाही आणि सर्वच स्वीकारता येईल असेही नाही. पण परत पाठविण्यापूर्वी समोरच्याला खुर्ची द्यावी आणि म्हणावे, "बसा, सांगा." एवढे तर कोणत्याही नियमात बसते.